परदेशात छोटी सेंद्रिय शेती: पोर्तुगालच्या ओस वाड्यांचे नवे मालक

मध्य पोर्तुगालमध्ये, एस्त्रेला पर्वतरांगेच्या आसपास फुंदांव, पेनामाकोर, अर्गानिल, ताबुआ, गोइश असे तालुके आहेत. लिस्बनपासून दोनशे-अडीचशे किलोमीटर आत, डोंगराळ, विरळ वस्तीचा हा प्रदेश. गेल्या काही दशकांत इथे डच, जर्मन, ब्रिटिश आणि बेल्जियन कुटुंबे येऊन स्थायिक होत आहेत. बहुतेकांची खरेदी साधारण सारखीच असते: एक ते पाच हेक्टर पायऱ्यापायऱ्यांची जमीन, तीसचाळीस जुनी ऑलिव्हची झाडे, थोडी द्राक्षवेल, एखादी विहीर आणि छप्पर कोसळलेले दगडी घर. अशा वाडीला तिथे ‘किंता’ म्हणतात. रसायनांशिवाय शेती करावी, स्वतःचे अन्न स्वतः पिकवावे, मुले मोकळ्या हवेत वाढावीत, हा बेत घेऊन ही कुटुंबे येतात. युरोपात असा प्रयोग करायला फ्रान्स, स्पेन, इटली, बल्गेरिया हेही देश निवडले जातात. पण स्वस्त जमीन, सौम्य हिवाळा आणि परदेशी माणसाला खरेदीची पूर्ण मोकळीक या तीन गोष्टी एकत्र आल्याने पोर्तुगालचा अंतर्भाग या मंडळींचा विशेष आवडता झाला.

जमीन स्वस्त का, याचे उत्तर इतिहासात आहे. 1960 च्या दशकात पोर्तुगालच्या खेड्यांतून लाखो माणसे फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्गकडे कामासाठी निघून गेली. गरिबी हे एक कारण होते, युद्ध हे दुसरे. 1961 मध्ये अंगोलात वसाहतीचे युद्ध पेटले आणि पुढे तेरा वर्षे सक्तीची लष्करभरती चालू राहिली. ती टाळण्यासाठी कित्येक तरुण पिरेनीज ओलांडून चोरवाटांनी फ्रान्सला गेले. ओस पडलेल्या पायऱ्यांवर झुडपे माजली, घरांचे वासे कुजले. मागे राहिलेली पिढी आता म्हातारी झाली आहे. 2019 च्या कृषिगणनेत पोर्तुगालच्या शेतकऱ्याचे सरासरी वय 64 भरले. विकणारे आहेत, गावात घेणारे नाहीत, म्हणून भाव पडलेले.

तुकडे लहान का, याचे कारण वारसा कायदा. पोर्तुगीज दिवाणी संहितेत मुलांना समान वाटा मिळतो आणि मालमत्तेचा ठरावीक हिस्सा वारसांसाठी राखीवच असतो. मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही. गोव्यातल्या वाचकाला हे नवे नाही, कारण याच परंपरेतले वारसा नियम आणि इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांत वाटणी करण्याची, कार्यवाही तिथे अजून चालू आहे. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन उत्तर आणि मध्य पोर्तुगालमध्ये दोन-तीन गुंठ्यांचे पट्टे पडले, तर दक्षिणेच्या आलेंतेजोत शेकडो हेक्टरांच्या जहागिऱ्या टिकल्या. एका किंतेच्या नावाखाली प्रत्यक्षात सात-आठ वेगवेगळे गट असणे आणि त्यातल्या एखाद्याचे चार वारस पॅरिसमध्ये व एक ब्राझीलमध्ये असणे यात तिथे कुणालाच नवल वाटत नाही. वाटणी न झालेली जमीन विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. एक सही अडली की व्यवहार वर्षभर लोंबकळतो.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला सहसा शेतजमीन घेता येत नाही. 1948 च्या कूळकायद्याचे कलम 63 आडवे येते. पोर्तुगालमध्ये असा अडसर नाही. कोणत्याही देशाचा नागरिक तिथला कर क्रमांक काढून शेतजमीन घेऊ शकतो. मात्र कागद दोन ठिकाणी असतात आणि ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही. करखात्याकडे जमिनीचा कर-उतारा असतो, मालकीची नोंद मात्र वेगळ्या नोंदणी कार्यालयात होते. करखात्यात अर्धा हेक्टर लिहिलेला गट नोंदणीत पाऊण हेक्टर असतो आणि जागेवर मोजला तर तिसराच आकडा निघतो. उत्तर व मध्य भागांत मोजणीचे नकाशेच नव्हते. शेजाऱ्यांची नावे हीच चतुःसीमा. अलीकडे सरकारने मालकांकडून हद्दी नकाशावर नोंदवून घ्यायची योजना राबवली आहे, तरी जुना घोळ पुरता निस्तरलेला नाही. सातबाऱ्यावर एक आणि वहिवाटीत दुसरेच, हा अनुभव असलेल्या मराठी माणसाला इथे फार धक्का बसू नये.

त्याहून महत्त्वाचा फरक जमिनीच्या वर्गाचा. कागदावर जमीन ‘रुस्तिको’ असेल तर ती शेतीची. तिच्यावर घर बांधण्याचा हक्क आपोआप येत नाही. ‘उर्बानो’ नोंद असलेली वास्तू, मग ती नुसत्या चार भिंती उरलेली का असेना, दुरुस्त करून राहण्याची शक्यता असते. रुस्तिको जमिनीवरचा शेळ्यांचा गोठा दाखवून “इथे घर होईल” असे सांगणारे दलाल असतात. ते घर होईलच याची खात्री नसते. शिवाय 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला देशाने दोन आरक्षणे आणली: एक उत्तम शेतजमिनीचे, दुसरे पर्यावरणदृष्ट्या नाजूक जमिनीचे. यात येणाऱ्या गटावर बांधकाम जवळजवळ अशक्य असते. उत्तर मिळते ते नगरपालिकेच्या विकास आराखड्यात, आणि तो खरेदीआधी पाहायचा असतो. तंबू, कॅरॅव्हान, गोल मंगोल पद्धतीचे घर टाकून दोन वर्षे काढू, असा हिशेब करणारेही पुष्कळ. स्थानिक अधिकारी कानाडोळा करतात तोवर ते चालते.

शेजाऱ्याचा प्रथम खरेदीचा हक्क ही या व्यवहारातली सर्वांत फसवी बाब. लहान तुकडे एकत्र यावेत म्हणून कायद्याने लागून असलेल्या शेतमालकाला, बाहेरच्याला विकण्याआधी, त्याच किमतीत जमीन घेण्याचा अधिकार दिला आहे. विकणाऱ्याने शेजाऱ्याला अटी कळवायच्या आणि त्याने ठरलेल्या मुदतीत होय-नाही सांगायचे. न कळवता खरेदी झाली तर व्यवहाराच्या अटी समजल्यापासून सहा महिन्यांत शेजारी न्यायालयात जाऊन, किंमत भरून, जमीन आपल्या नावावर करून घेऊ शकतो. नव्या मालकाने तोवर विहीर उपसलेली असते, ठिबक टाकलेले असते. कागदावर किंमत कमी दाखवून कर वाचवण्याची जुनी खोड इथे अंगाशी येते, कारण शेजारी कागदावरचीच किंमत भरतो. साठेखताचा नियम मात्र दोघांना सारखाच बांधतो: विकणारा फिरला तर त्याने इसाराची दुप्पट परत करायची, घेणारा फिरला तर त्याचा इसार बुडाला. शेतजमिनीवर हस्तांतरण कर 5 टक्के आणि मुद्रांक 0.8 टक्के. कर आणि शुल्क या व्यवहारात क्वचितच अडचणीचे ठरतात. वकिलाचे पैसे वाचवणे ठरते.

जमीन हाती आल्यावर पहिला धडा पाण्याचा. पावसाचे वेळापत्रक कोकणाच्या नेमके उलटे. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल पडतो, जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ थेंब नाही. ऊन भरपूर तेव्हा पाणी नाही आणि पाणी भरपूर तेव्हा थंडी, असा हा पेच आहे. उत्तर युरोपातून आलेल्यांना तो उमगायला एक उन्हाळा लागतो. मार्चमध्ये पाहिलेला खळाळता ओढा ऑगस्टमध्ये दगडगोटे दाखवतो. जुन्या शेतकऱ्यांनी यावर तोड काढलेली होती. डोंगरात आडवा बोगदा खणून झऱ्याचे पाणी बाहेर काढायचे, दगडी टाक्यात साठवायचे आणि पाटाने पायऱ्यांवर फिरवायचे. अशा बोगद्याला ते ‘मिना’ म्हणतात. पाणी अनेकांच्या सामाईक मालकीचे असेल तर पाळ्या ठरलेल्या असतात, कुणाचा मंगळवार, कुणाचा शुक्रवारची पहाट. ही पाळी बहुधा गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असते. नव्याने आलेल्याने ती विचारून घेतली नाही तर पहिले भांडण इथेच होते. बोअर घ्यायचा तर पर्यावरण यंत्रणेला कळवावे लागते आणि मोठ्या पंपासाठी परवाना लागतो. आलेंतेजोत ओदेमिरा तालुक्यातल्या तामेरा या वसाहतीने ऑस्ट्रियन शेतकरी झेप होल्त्सर यांच्या सल्ल्याने 2007 पासून पावसाचे पाणी अडवणारी तळी खोदली. तामेरा काही कौटुंबिक शेत नव्हे, 1995 मध्ये जर्मन मंडळींनी वसवलेली ती सामूहिक वस्ती आहे. पण बांध घालून हिवाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवण्याची ती रीत नंतर अनेक छोट्या किंतांनी आपापल्या परीने उचलली.

पीकपद्धती या हवामानावर बेतलेली. हिवाळ्यात पावसावर बाकला, लसूण, कांदा, उंच देठाची कोबीवर्गीय भाजी, वसंतात बटाटा, उन्हाळ्यात ओलिताखाली मका, टोमॅटो, घेवडा, भोपळा. माती बहुतेक ठिकाणी पातळ, शिस्ट किंवा ग्रॅनाइटच्या झिजेची, आम्लधर्मी. तिला सुधारण्यासाठी शेणखत, मेंढ्यांचे लेंडीखत, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि ल्युपिनसारखे हिरवळीचे खत वापरतात. ल्युपिनचे दाणे खारवून बिअरबरोबर खायचा तिथे रिवाज आहे, म्हणजे एकाच पिकाची दोन कामे. रानडुकरे ही कायमची डोकेदुखी. एका रात्रीत बटाट्याचा वाफा उकरून जातात. विजेचे कुंपण ही इथे चैन नाही.

ऑलिव्ह मात्र थोड्या कष्टात साथ देते. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये झाडाखाली जाळी पसरून फळे हाताने, काठीने किंवा लहान यंत्राने पाडतात आणि त्याच आठवड्यात गावच्या तेलघाण्यावर नेतात. सहा ते आठ किलो फळांतून साधारण एक लिटर तेल निघते. घाणेवाला मजुरीऐवजी तेलाचा वाटा ठेवून घेऊ शकतो, ही जुनी पद्धत अजून आहे. बुचाचे ओक जमिनीत असतील तर जपून. हे झाड स्वतःच्या शेतातलेही परवान्याशिवाय तोडता येत नाही. पहिली साल निघायला सुमारे पंचवीस वर्षे जावी लागतात, पुढे दर नऊ वर्षांनी. साल काढली की त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी कधी ते विसरायला नको.

आग हा या प्रदेशाचा सर्वांत गंभीर विषय, आणि जाहिरातींत नेमका तोच गाळलेला असतो. 17 जून 2017 रोजी पेद्रोगांव ग्रांद तालुक्यात पेटलेल्या वणव्यात 66 माणसे मेली. त्यांतली 47 एकाच रस्त्यावर, बहुतेक आपल्या गाड्यांमध्ये पळून जाताना. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला, पाऊस लांबलेला आणि किनाऱ्याजवळून चक्रीवादळाचे वारे वाहत असताना, एकाच दिवसात शेकडो आगी लागून आणखी पन्नासच्या आसपास बळी गेले. त्या वर्षात पाच लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. अर्गानिल, ताबुआ, ओलिव्हेरा दु ओस्पिताल या भागांतल्या कित्येक परदेशी कुटुंबांची घरे, झाडे, अवजारे एका रात्रीत राख झाली. 2025 च्या ऑगस्टमध्ये अर्गानिलच्या डोंगरांत पुन्हा मोठा वणवा पेटला.

याला नुसती उष्णता जबाबदार नाही. पूर्वी शेळ्या झुडपे खाऊन डोंगर मोकळे ठेवत, लोक चुलीसाठी काटक्या नेत, पायऱ्या नांगरलेल्या असत. माणसे गेली आणि हे सगळे थांबले. मोकळ्या जमिनीवर मग निलगिरी आली. कागदाच्या लगद्यासाठी हे झाड दहा-बारा वर्षांत तोडणीला येते, देखभाल मागत नाही आणि पॅरिसमध्ये बसलेल्या वारसाला अधूनमधून पैसे देते. आज पोर्तुगालच्या जंगलात सर्वाधिक क्षेत्र निलगिरीचे आहे. तिच्या सालीचे जळते पट्टे वाऱ्यावर उडून दूरवर नवी आग लावतात. 2017 नंतर नव्या लागवडीवर कायद्याने बंधने घातली, पण उभे असलेले रान उभेच आहे.

घराभोवती 50 मीटरचा पट्टा दरवर्षी वसंतात, साधारणपणे 30 एप्रिलच्या आत, झुडपांपासून साफ ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे; न केल्यास दंड. झाडांच्या शेंड्यांत किमान 4 मीटर अंतर हवे, पाइन आणि निलगिरी असेल तर 10 मीटर. या पट्ट्यात शेजाऱ्याची जमीन येत असेल तर ती साफ करण्याची जबाबदारी शेजाऱ्याची, पण तो शेजारी देशातच नसतो. परिणामी वसंतातले कित्येक आठवडे, भाजीच्या लावणीच्या ऐन घाईत, ब्रशकटर खांद्यावर घेऊन रान कापण्यात जातात. अतिधोक्याच्या दिवशी ते यंत्र चालवायलाही बंदी असते, कारण पात्याची ठिणगी पुरते. विमा, छपरावर पाण्याचे फवारे, टाकीत राखीव पाणी, बाहेर पडायला दुसरी वाट या गोष्टी जमीन पाहतानाच विचारात घ्यायच्या. खोल दरीच्या टोकाशी असलेली, एकाच रस्त्याची किंता चित्रात सुंदर दिसते. राहण्यासाठी ती वाईट निवड आहे.

आता सेंद्रियपणाचा प्रश्न. युरोपीय संघात ‘बायो’ किंवा ‘सेंद्रिय’ ही नुसती विशेषणे नाहीत, कायद्याने राखलेली नावे आहेत. प्रमाणपत्राशिवाय ती मालावर छापता येत नाहीत. सध्याचा नियम म्हणजे 2018/848 क्रमांकाचे विनियमन. ते 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि ऑलिव्ह, द्राक्ष, फळझाडे अशा बहुवार्षिक पिकांसाठी काढणीपूर्वी तीन वर्षे जमीन रूपांतराखाली ठेवावी लागते. त्या काळात खर्च सेंद्रियाचा आणि भाव साध्या मालाचा. ओस जमिनीचा इथे फायदा होऊ शकतो: अनेक वर्षे काहीच फवारले गेले नसल्याचे सिद्ध करता आले तर मागचा काळ धरून रूपांतराची मुदत कमी करून मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी जमीन नांगरण्याआधीच प्रमाणन संस्थेला बोलवायला हवे. हौसेने आधी नांगर घालणारे ही संधी घालवतात.

पुढे दरवर्षी तपासणी, बियाण्यांच्या पावत्या, खताच्या आणि विक्रीच्या नोंदी. खतातल्या नत्राची मर्यादा हेक्टरी वर्षाला 170 किलो. तांब्याची फवारणी चालते, पण सात वर्षांत हेक्टरी 28 किलोपेक्षा जास्त तांबे टाकायचे नाही. बोर्डो मिश्रणावर भिस्त असलेल्या नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला या आकड्याची धार लगेच कळेल. प्रमाणन खासगी संस्था करतात आणि त्यांची फी दरवर्षी भरावी लागते. म्हणून पाव एकरावर भाजी करणारी अनेक कुटुंबे प्रमाणपत्राच्या वाटेला जातच नाहीत. गिऱ्हाईक शेतावर येऊन बघते, तोच पुरावा. नव्या विनियमनात छोट्या शेतकऱ्यांना गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय केली आहे. भारतातल्या गट प्रमाणीकरणाशी परिचित असलेल्यांना ती ओळखीची वाटेल.

उत्पन्नाबाबत स्पष्ट बोललेले बरे: मध्य पोर्तुगालमधल्या छोट्या किंतेवर केवळ शेतमाल विकून कुटुंब चालवणारे थोडे. आजूबाजूच्या गावांत प्रत्येक घरामागे स्वतःचा भाजीमळा असतो, त्यामुळे स्थानिक लोक भाजी विकत घेत नाहीत. गिऱ्हाईक शहरात, आणि शहर दूर. लिस्बनच्या प्रिन्सिपि रेआल चौकात शनिवारी सेंद्रिय बाजार भरतो, पण अर्गानिलहून तिथे गाडी नेऊन कोथिंबीर विकणे परवडत नाही. त्यापेक्षा जवळच्या तालुका शहरात आठवडी टोपली घरपोच देणे चालते. ऑलिव्ह तेलाची स्पर्धा तर आणखी कठीण. 2002 मध्ये भरू लागलेल्या आल्केव्हा धरणाच्या पाण्यावर आलेंतेजोत हजारो हेक्टरांवर दाट ओळींत ऑलिव्ह लावली गेली आहे, आणि तिची काढणी यंत्राने होते. त्या भावाशी हाताने वेचलेले तेल टिकत नाही. ते ओळखीच्या माणसांना, बाटलीवर शेताचे नाव लिहूनच विकावे लागते.

टिकून राहिलेल्या कुटुंबांचा हिशेब पाहिला तर त्यात पेन्शन, घरून केलेले संगणकाचे काम, पाहुण्यांसाठी खोली किंवा शेतीची शिबिरे यांपैकी काहीतरी असतेच. शेत जेवण देते, रोख बाहेरून येते. जेवण आणि रोख अशी ही विभागणी आधी मान्य करून आलेले लोक टिकतात. न मान्य केलेले तिसऱ्या-चौथ्या वर्षी किंता विक्रीला काढतात. मुलांच्या शाळेचाही हिशेब त्यातच धरावा लागतो. शिक्षण अठराव्या वर्षापर्यंत सक्तीचे आहे, पटसंख्येअभावी खेड्यांतल्या प्राथमिक शाळा बंद पडल्या आहेत, आणि शिकवण्याचे माध्यम पोर्तुगीज. पालकांना मात्र नोटरी, दवाखाना आणि पाणीपाळीवाला शेजारी या तिघांपुरते तरी पोर्तुगीज यावेच लागते.

भारतीयांसाठी वाट वेगळी आहे. युरोपीय संघाच्या नागरिकाला पोर्तुगालमध्ये राहायला व्हिसा लागत नाही. ब्रिटिशांची ही सोय 2021 पासून गेली. भारतीय नागरिकाला जमीन घेता येते, पण जमीन घेतली म्हणून राहण्याचा हक्क मिळत नाही. पेन्शन, भाडे, लाभांश असे स्थिर उत्पन्न असलेल्यांसाठी ‘डी-7’ व्हिसा आहे. 2025 मध्ये त्यासाठी मुख्य अर्जदाराचे मासिक उत्पन्न किमान 870 युरो हवे होते, जोडीदारासाठी त्याच्या निम्मे आणि प्रत्येक मुलासाठी 30 टक्के जादा. शेती हा व्यवसाय म्हणून दाखवायचा तर उद्योजकांचा ‘डी-2’ व्हिसा. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ते घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी इंग्लंडची वाट धरली, पोर्तुगालच्या खेड्याची नव्हे. पोर्तुगीज शेतात आज जे भारतीय दिसतात ते मुख्यतः ओदेमिराच्या प्लास्टिकच्या बोगद्यांत रास्पबेरी तोडणारे मजूर आहेत, नेपाळी आणि बांगलादेशी कामगारांबरोबर दाटीवाटीच्या खोल्यांत राहणारे. एकाच देशातल्या शेतीची ही दुसरी बाजू किंतेच्या छायाचित्रांत येत नाही.

पैसा नेण्याची सोय आहे: रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते, आणि त्यात स्थावर मालमत्तेची खरेदी बसते. आधी अनुभव घ्यायचा असेल तर 1971 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या वूफ या जाळ्यामार्फत सेंद्रिय शेतांवर कामाच्या बदल्यात जेवण व निवारा मिळतो. व्हिसाचे नियम पाहून एखादा हंगाम तसे राहावे, आणि तोही ऑगस्टचा. जमीन घेण्यापूर्वी त्याच तालुक्यात वर्षभर भाड्याने राहिले तर ओढा आटतो का, रस्ता वाहून जातो का आणि शेजारची निलगिरी कुणाची, हे सगळे फुकटात कळते.

एक बाब मराठी शेतकरी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेला मूळ भारतीय, किंवा परदेशात स्थायिक झालेला भारतीय नागरिकसुद्धा, भारतात शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. त्याला ती फक्त वारसाने मिळू शकते. तेव्हा गावची जमीन विकून त्या पैशांत परदेशात किंता घेण्याचा विचार कुणी करत असेल, तर खरेदीखतावर सही करण्याआधी इथल्या सातबाऱ्याचे काय करायचे ते वकिलाबरोबर बसून ठरवावे.